मोडण्यापूर्वी मोजावे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात कळंब, ता. इंदापूर येथील एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक प्राथमिक शिक्षक. माझी सारी हयात अंकगणित शिकविण्यात गेली. आज बोलावयाचा विषयही हिशेबाचाच आहे. परंतु तो पाटीवरचा नसून आपल्या घरातील कडीकुलपाआडचा आहे. घरातील सोने आणि वाडवडिलांनी ठेवलेली नाणी पेढीवर नेऊन मोडावी लागतात, तेव्हा आपण कसे वागतो, याविषयी मी चार शब्द सांगणार आहे. हा विषय सभेत काढण्यासारखा नाही, असे काहींना वाटेल. तो सभेत निघत नाही, म्हणूनच मी तो काढतो आहे.

1972 चा दुष्काळ येथील अनेकांना आठवत असेल. त्या वर्षी आमच्या घरी धान्य संपत आले होते. माझ्या आजीची पुतळ्यांची माळ होती, वीस पुतळ्यांची, सहा तोळ्यांची. एके दिवशी वडील दिवस कलताना एस.टी.ने पेठेस गेले आणि रात्री परतले ते पैसे घेऊन. सोबत एक चिठोरे होते. त्यावर ‘60 ग्रॅम’ असे लिहिलेले मी वाचले. मी तेव्हा शाळकरी मुलगा. एक तोळा म्हणजे सुमारे 11.66 ग्रॅम, हे गुरुजींनी नुकतेच शिकविले होते. मी म्हणालो, “दादा, सहा तोळ्यांचे सत्तर ग्रॅम होतात.”

वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी सहा तोळे सांगितले, त्यांनी साठ ग्रॅम लिहिले. तराजूकडे मी पाहिलेच नाही. कोणी ओळखीचे दुकानात येईल म्हणून माझे लक्ष दाराकडे होते.” परत जाऊन विचारू, असे मी सुचविले. त्यावर ते म्हणाले, “परत जायचे म्हणजे चारचौघांत सांगायचे. राहू दे.”

आजी चुलीपाशी बसली होती. ती एवढेच म्हणाली, “पुतळ्या माझ्या होत्या, बाबा, आणि लाज मात्र तुला वाटली?”

मित्रहो, दहा ग्रॅम सोने म्हणजे त्या काळी आमच्या घराचे दोन महिन्यांचे धान्य होते. ते दुकानदाराने घेतले असे मी आजवर समजत आलो. आता या वयात विचार करता वाटते की, दुकानदाराने हात पुढे केला असेल. परंतु ते सोने त्याच्या हाती घातले ते आमच्या लाजेने. अडचणीत दागिना मोडणे यात कमीपणा तो कसला? पूर्वजांनी तो त्याच दिवसासाठी केला होता. कमीपणा आहे तो चोरासारखे जाण्यात आणि न मोजता देण्यात.

आता थोडे अंकगणित. जुन्या कोष्टकाप्रमाणे आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा. 1956 च्या कायद्याने देशात दशमान वजने आली. कोष्टक गेले, पण ‘तोळा’ हा शब्द जिभेवर राहिला आणि बाजारात त्याचा अर्थ दहा ग्रॅम असा झाला. आपल्या आजी-पणजीचा तोळा मात्र 11.66 ग्रॅमचा. यास्तव जुन्या दागिन्याचे वजन तोळ्यांत कधीही सांगू नये. ग्रॅममध्ये तोलून घ्यावे आणि ते आपल्या डोळ्यांनी वाचावे. शक्य तर अगोदर दुसऱ्या एखाद्या काट्यावर तोलून कागदावर लिहून न्यावे.

वजनानंतर कस. बावनकशी सोने आपण म्हणतो, परंतु शुद्ध सोन्याचा दागिना टिकत नाही. 22 कॅरटचे सोने म्हणजे हजार भागांत 916 भाग सोने. 18 कॅरटचे म्हणजे 750 भाग. बोरमाळ, ठुशी, वज्रटीक यांत लाख भरलेली असते. मंगळसूत्रात काळे मणी असतात. नथीत मोती असतात. जोडांना डाख असतो. ही वजावट न्याय्य आहे, पण ती किती केली हे वेगळे मांडून मागावे. पूर्वी कसोटीच्या दगडावर रेघ ओढून कस पाहत; आता यंत्रावर पाहतात. यंत्र वरचा थर पाहते, म्हणून पुष्कळदा सोने आटवूनच खरा कस ठरवितात. आटणी आपल्या समोर व्हावी आणि आटवण्यापूर्वी भाव मान्य व्हावा. कारण एकदा दागिन्याची लगड झाली की तो परत घेऊन येता येत नाही. भाव विचारताना तो शुद्ध सोन्याचा की 22 कॅरटचा, हेही विचारावे.

भारतीय मानक ब्यूरोच्या हॉलमार्कची सक्ती जून 2021 पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षरांकांच्या ओळखक्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना दुकानदारास विकता येत नाही. हे बंधन विकणाऱ्या सराफावर आहे. आपले जुने, शिक्का नसलेले सोने त्यास देण्यास आपणांस कसलीही बंदी नाही. “शिक्का नाही, म्हणून निम्मा भाव” असे कोणी म्हणाल्यास मान्यताप्राप्त हॉलमार्क केंद्रात थोड्या शुल्कात कस तपासून घेता येतो, हे ध्यानी ठेवावे.

आता नाण्यांकडे वळतो. काही वर्षांपूर्वी आमच्या मातोश्री वारल्या. त्यांच्या पेटीत एक पितळी डबा निघाला. त्यात साठ चांदीचे रुपये, तांब्याच्या काही शिवराया आणि एक अंकुशी रुपया होता. त्याच सुमारास माझ्या पुतणीस परिचर्येच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता आणि शुल्काची तजवीज व्हावयाची होती. धाकट्या बंधूने चार रुपये खिशात घालून पेठेत भाव विचारला. उत्तर मिळाले, “सगळे रुपये निम्म्या चांदीचे धरतात.” दुसरीकडे भाच्याच्या फोनवर संदेश आला होता की, जुन्या एका नाण्यास लाखो रुपये मिळतात, आधी काही रक्कम मात्र भरावी लागेल! एकीकडे निम्मे आणि एकीकडे लाखो. या वेळी मी ठरविले की, 1972 पुन्हा होऊ द्यावयाचे नाही.

एका रविवारी सारे घर जमविले. लेकी, सुना, नातवंडे सर्वांना बसविले, घोंगडीवर नाणी पसरली आणि वही काढली. बंधूने नाणी चिंचेने घासावयास घेतली होती, ती मी थांबविली. जुन्या नाण्यावरचा काळसरपणा घासला म्हणजे संग्राहकाच्या लेखी त्याचे मोल उतरते.

इंग्रजी अमदानीतील रुपया एक तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा. राणीछाप, त्यानंतर सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज यांच्या रुपयांत हजारी 917 भाग चांदी होती, म्हणजे प्रत्येकी सुमारे 10.69 ग्रॅम. दुसऱ्या महायुद्धात, 1940 पासून, ती निम्म्यावर आणली. तेव्हा त्या रुपयात 5.83 ग्रॅमच चांदी. 1947 साली तर रुपया निकलचा झाला. आमच्या साठांत चाळीस जुने आणि वीस 1940 नंतरचे निघाले. नातीने गुणाकार केला: चाळिसांची 427.6 आणि विसांची 116.6, एकूण 544 ग्रॅम चांदी. सारे निम्मे धरले असते तर 350 ग्रॅम. म्हणजे केवळ साल न वाचल्याने 194 ग्रॅम चांदी हातची गेली असती!

परंतु चांदीच्या तोलाने प्रत्येक नाणे विकावे, असेही नव्हे. 1862 हे साल कित्येक वर्षे रुपयांवर तसेच घातले जात होते, म्हणून तो रुपया जुना असला तरी विपुल आहे. उलट सहाव्या जॉर्जचा 1939 चा रुपया फार दुर्मिळ आहे, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही झाल्या आहेत. शिवराई तर अपार पाडली गेली. तिला बहुधा मोठी किंमत येत नाही. आणि आजीच्या पुतळ्यांचे काय? पुतळी हे मूळचे व्हेनिसचे नाणे, साडेतीन ग्रॅमचे, जवळजवळ शुद्ध सोन्याचे. त्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तेथील अधिपती असे. पुढे आपल्या सोनारांनी तशाच पुतळ्या घडविल्या. आजीच्या वीसांत अस्सल किती आणि घडीव किती, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. त्या आटल्या.

संशयास्पद नाणे जाणकारास दाखवावे. पुण्यास 1910 साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. लाखोंच्या संदेशांस मात्र भुलू नये. आपल्या नावाने नाणी-नोटांच्या व्यवहारात पैसे उकळले जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेनेच 2021 साली दिला होता. आणि शेत नांगरताना जमिनीत नाण्यांचे गाडगे सापडले, तर ते आपले वारसाधन नव्हे. 1878 च्या कायद्याप्रमाणे त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी लागते.

आम्ही वहीतील यादीची प्रत घेऊन भरदिवसा पेठेत गेलो. मी, बंधू, भावजय आणि पुतणी असे चौघे. दोन पेढ्यांवर विचारले. दुसऱ्या पेढीवरील सराफांनी यादी पाहिली, रुपये स्वतः निवडून वेगळे केले, आमच्या आकड्यांशी ताडले आणि वाजवी भाव दिला. पावती दिली, रक्कम बँकेत जमा केली. निघताना म्हणाले, “गुरुजी, सगळी गिऱ्हाइके अशी आली तर आमचेही नाव राखले जाईल.” सराफ बंधूंवर माझा रोष नाही, हे सांगण्यासाठी एवढे पुरे आहे. शिवराया आणि अंकुशी रुपया आम्ही विकला नाही. ती नाणी घरी आहेत.

दोन गोष्टी सांगून संपवितो. पहिली, निकड थोड्या दिवसांची असेल तर मोडण्याऐवजी बँकेतील सोनेतारण कर्जाचा विचार करावा. दागिना परत तरी येतो. मोडलाच तर पावती जपावी. वारशाच्या सोन्याच्या नफ्यावर कर लागू होऊ शकतो. 2001 पूर्वीच्या सोन्यास 1 एप्रिल 2001 ची किंमत मूळ धरता येते. जाणत्यास विचारावे.

दुसरी गोष्ट आजीची. स्त्रीधनावर संपूर्ण हक्क स्त्रीचा, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली स्पष्ट केले. परंतु न्यायालयापूर्वीच माझी आजी चुलीपाशी बसून ते बोलली होती. जिचा दागिना, तिला विचारावे; आणि ती येईल तर तिलाच पेढीवर पुढे बसवावे. पुतळ्यांचे वजन तिच्या तोंडपाठ होते. तराजूसमोर ती असती, तर तिची नजर दाराकडे गेली नसती.

आपल्या प्रत्येक कुटुंबाने या दिवाळीत एक वही करावी: काय आहे, कोणाचे आहे, किती ग्रॅम आहे. ती वही घरातील बायकांच्या हाती असावी. मोडण्याचा प्रसंग कोणावर न येवो. आला तर मान वर करून जावे आणि मोजून द्यावे.