मायबाप सरकार आणि फूटपाथवरची माय
(युवक शिबिरात केलेलं भाषण)

मला भाषण येत नाय. गोदीत माल उचलतो, पाळी सुटली की कविता लिहितो, शिक्षण मॅट्रिक. शिबिरवाल्यांनी सांगितलं, कविता वाच. कविता आज खिशातच राहू दे. आज एका कागदाबद्दल बोलायचंय.

गोदीच्या भिंतीला प्लास्टिक ताणून जी बिऱ्हाडं पडलीत, त्यातली एक बाई. नाव घेत नाय, केस चालू आहे. आम्ही मावशी म्हणतो. भंगार वेचते, संध्याकाळी लिंबू-मिरची ओवते. तिचा सात वर्षांचा पोरगा सिग्नलला ती विकायचा. एक दिवस गाडी आली आणि पोरगा उचलला. मावशी पाण्याच्या लायनीत होती. पोरगा कुठं आहे हे कळायला तिला तीन दिवस लागले.

मग समिती. बाल कल्याण समिती म्हणजे एक अध्यक्ष, चार सदस्य, आणि हातात प्रथमवर्ग मॅजिस्ट्रेटचे अधिकार. मी बरोबर गेलो होतो, कारण वाचता येणारा मीच. रेशनकार्ड? नाय. जन्माचा दाखला? पावसात गेला. मग पोरगा तुझाच कशावरून? मावशीनं सगळ्यांसमोर पदर बाजूला करून पोटावरचा टाक्यांचा वण दाखवला. कारकून म्हणाला, बाई, इथं तमाशा नको.

चौकशीचा रिपोर्ट मी तिला वाचून दाखवला. निवासस्थान : फूटपाथ. पालक संगोपन करण्यास असमर्थ. ती म्हणाली, असमर्थ म्हणजे काय रे? दोस्तांनो, मी शब्दांशी झटापट करणारा माणूस, पण त्या शब्दाचा अर्थ मला तिच्या तोंडावर सांगता येईना. सात वर्षं तिनं पोराला फूटपाथवर जगवलं. ट्रकांच्या चाकांपासून वाचवलं, तापात मांडीवर घेऊन रात्र रात्र बसली. आणि एका बाईनं वीस मिनिटांत फॉर्म भरून ठरवलं की ही असमर्थ.

मग मी कायदाच वाचून काढला. व्यवस्थेला शिव्या आपण झकास देतो, पण वाचत नाय. वाचायला लागा. बाल न्याय कायदा, २०१५ चा. रस्त्यावर राहणारं, भीक मागताना सापडलेलं पोर 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक' ठरतं. ठीक आहे, गरज आहेच. चोवीस तासांत समितीपुढं उभं करायचं, पंधरा दिवसांत सामाजिक चौकशी, चार महिन्यांत अंतिम आदेश. आणि त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात छापलंय की मुलाची पहिली जबाबदारी आईबापाची, आणि संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय. पुढं प्रायोजकत्वाचं कलम आहे. मिशन वात्सल्यमध्ये त्याचे महिना ४,००० रुपये, शहरात कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ९६,००० च्या आत पाहिजे. मावशीनं ९६,००० एकत्र कधी स्वप्नात पण पाहिले नसतील. मग जिला चार हजार द्यायचे तिच्याकडून पोरगा का घेतला? त्या खोलीत हा प्रश्न कुणीच विचारला नाय, कारण मावशीच्या बाजूनं बोलायला वकील नव्हता. मी होतो, आणि मला तेव्हा हे माहीत नव्हतं. त्याची लाज वाटते.

नुसती गरिबी हे मूल काढून घ्यायचं कारण होऊ शकत नाही, असं संयुक्त राष्ट्रांनी २००९ मध्ये लिहून ठेवलंय. आपल्याकडं कारण तेच असतं, फक्त त्याला नाव दुसरं देतात.

हे नवीन नाय. गुन्हेगार जमाती म्हणून ज्यांच्या कपाळावर शिक्का मारला, त्यांची पोरं आईबापापासून तोडून सुधारशाळेत घालायची मुभा इंग्रजानं १९११ च्या कायद्यात घेतली होती. सोलापूरची सेटलमेंट विचारा म्हाताऱ्यांना. तो कायदा १९५२ ला गेला. १९५९ ला आपल्याच राज्यकर्त्यांनी मुंबईचा भीक प्रतिबंध कायदा केला. आई भीक मागताना सापडली तर एक ते तीन वर्षं आत. पोर पाच वर्षांच्या आतलं असेल तर तिच्याजवळ ठेवता येतं, पाच पूर्ण झाली की वेगळं. दिल्लीत त्या कायद्याची शिक्षेची कलमं हायकोर्टानं २०१८ मध्ये रद्द केली. दिल्लीत.

आणि २०११ मध्ये नॉर्वेत एका बंगाली जोडप्याची दोन लेकरं तिथल्या सरकारनं नेली. पेपरांत आलं की आई हातानं भरवते, पोरांना आपल्याजवळ झोपवते, हेही तिथं खटकलं. अख्खा देश पेटला, परराष्ट्रमंत्री बोलले, २०२३ ला सिनेमा आला. बरोबरच झालं. त्या आईचं दुःख खरंच होतं. पण आमची मावशी पण हातानंच भरवते. तिच्यासाठी कुठला मंत्री बोलणार?

आता एक कडू गोष्ट. माझा बाप दारू पिऊन आईला आणि मला पट्ट्यानं हाणायचा. तेव्हा कुणी गाडी घेऊन आलं असतं तर मी पळत जाऊन बसलो असतो. तेव्हा कोर्टानं पोर काढूच नये, असं मी म्हणणार नाय. पोरं विकणारे आहेत, जाळणारे आहेत. पण माझ्या बापाकडं रेशनकार्ड होतं, खोली होती, म्हणून तो कुणाच्या फॉर्मात असमर्थ ठरला नाय.

पोरगा आता दुसऱ्या जिल्ह्यातल्या बालगृहात आहे. आठ महिने झाले, चार महिन्यांची मुदत कधीच संपली. मावशी उसने पैसे करून एकदा भेटून आली. पोरगा तिला म्हणाला, आता नाय विकणार लिंबू-मिरची, मला घरी ने. त्याला वाटतं, ही शिक्षा आहे.

पुढची तारीख येत्या गुरुवारी, सकाळी साडेदहा. अर्ज मी लिहिलाय : मुलगा परत द्या, प्रायोजकत्व मंजूर करा. लायसन नसलेल्या वकिलासारखा लिहिलाय, इथं कुणी लॉ कॉलेजला असेल तर आज रात्री बसून तपासून द्या. आणि त्या बाकड्यावर मावशी एकटी नसते. रोज आठ-दहा बाया बसलेल्या असतात, हातात न वाचता आलेला कागद घेऊन. मला पाळी आहे, मी रोज जाऊ शकत नाय. आठवड्यातला एक दिवस कोण कोण देतं, त्यांनी नावं सांगा. वही आणलीय.