दवाखान्याचा उंबरा



मुंबईहून पश्चिम रेल्वेनं निघालं, की वसईच्या खाडीअलीकडे भाईंदर लागतं. खाडीकाठी मिठागरं, समुद्राकडे उत्तनचे कोळीवाडे आणि मधे उंच इमारतींची दाट वस्ती. २००२ साली इथं मीरा-भाईंदर महानगरपालिका झाली. पंडित भीमसेन जोशींच्या नावाचं सरकारी रुग्णालयही इथं आहे. पण तापानं फणफणलेलं पोर घेऊन एखादी आई अशा दवाखान्याचा उंबरा चढेल की नाही, हे कशावर ठरतं?

उत्तरासाठी शेजारच्या मुंबईत सव्वाशे वर्षं मागं जाऊ. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग उघडकीला आला. रोग्याला घरातून उचलून इस्पितळात न्यावं, असे हुकूम सुटले. लोकांना विश्वासात घेणं राहूनच गेलं. इस्पितळात माणसं मारतात, अशी आवई उठली. ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. लोक आजारी माणसं लपवू लागले. पुढं पुण्यात तर झडतीसाठी गोरे शिपाई घराघरांत शिरले. तो संताप इतका पेटला, की २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या.

त्याच दिवसांत डॉ. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली. आधी स्वतःचं अंग पुढं केलं, मग लोकांना बोलावलं.

रोगी लपवणं हा आपल्याच लोकांचा अडाणीपणा, असं मात्र समजू नका बरं का! २०१४ साली पश्चिम आफ्रिकेत इबोलाची मोठी साथ आली. तिथंही लोकांनी रोगी लपवले. अंगभर झाकलेली अनोळखी माणसं येत, रोग्याला नेत आणि घरच्यांना नीट अंत्यदर्शनही घडत नसे. पुढं गावच्या जाणत्यांना, धर्मगुरूंना बरोबर घेतलं, दफन मानानं होऊ लागलं, तेव्हा लोकांची भीती कमी होत गेली.

आपल्याकडं नगर जिल्ह्यातल्या जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं. गावातल्याच बायकांना त्यांनी आरोग्याचे धडे दिले. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण त्या घरच्यासारख्या होत्या. म्हणून बाळंतीण त्यांचं ऐके.

गुरुजी आणि बाई, आपणांस एक विनंती. शाळेत लस टोचायला येणार असतील, तर आदल्या दिवशीच मुलांच्या हाती घरी निरोप द्या: सुई कशासाठी, अंग दुखेल का, ताप आला तर काय करायचं. शंका विचारणाऱ्या आईबापांना हसू नका. आणि दवाखान्याची कुठं चूक झाली, तर ती झाकूही नका. झाकलेली एक चूक पुढची दहा माणसं दारातून परत पाठवते.

भाईंदर असो की जामखेड, दवाखाना बांधायला दोन-चार वर्षं पुरतात. त्याचा उंबरा लोकांना आपला वाटायला मात्र रोजचं खरं आणि गोड बोलणं लागतं.