पाण्यातील फ्लोरीन : मित्र आणि वैरी



आम्ही बी. ए. झालेले सरकारी नोकर. रसायनशास्त्राशी आमचा संबंध शालान्त परीक्षेपुरताच. तरी या विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहोत, त्यास एक प्रसंग कारण आहे. २००४ साली दौऱ्यावर असता नलगोंडा जिल्ह्यातील एका खेड्यात चहा घेऊन आलेल्या गृहस्थांस आम्ही 'ताता', म्हणजे आजोबा, अशी हाक मारली. कणा ताठरलेला, मान वळत नव्हती. वय विचारले, तर ते आमच्याहून अवघ्या दोन वर्षांनी मोठे! त्यांना व्यसन कसलेच नव्हते. जन्मभर गावच्या विहिरीचे पाणी प्याले, एवढाच त्यांचा अपराध.

फ्लोराइड अल्प प्रमाणात दातांचे कवच बळकट करते. परंतु खडकांतून झिरपून ते भूजलात अधिक उतरले, की लहानपणी घडणाऱ्या दातांवर कायमचे डाग पडतात आणि पुढे वर्षानुवर्षे हाडांत साचून सांधे जखडतात. आपल्या देशात या व्याधीची नोंद १९३७ साली नेल्लोर भागातून झाली. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालते.

या पाण्यास ना रंग, ना वास. उकळल्याने फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने तुरटी, चुना व ब्लीचिंग पावडर वापरून ते काढण्याची रीत शोधली. तिला 'नलगोंडा तंत्र' हेच नाव पडले. पुढे 'मिशन भगीरथ' योजनेतून त्या भागास नदीचे पाणी मिळू लागले. मुलांचे दात वाचतील. पण त्या गृहस्थांचा कणा आता सरळ होणे नाही. या व्याधीवर प्रतिबंध हाच उपाय.

आपल्यापैकी अनेकांनी शहराबाहेर घरे बांधली. अंगणात कूपनलिका आहे, नातवंडे तेच पाणी पितात. वास्तुशांतीचा मुहूर्त आपण काटेकोरपणे पाहिला. पाणी मात्र कितीजणांनी तपासले? आम्हीही तपासले नव्हते. गेल्या महिन्यात नमुना प्रयोगशाळेत दिला, प्रमाण २.१ निघाले. आता पिण्याचे पाणी आम्ही नळाचेच भरतो.

सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक सभासदाने एक बाटली पाणी तपासून घ्यावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.