विहिरीच्या काठापासून विमानाच्या दारापर्यंत
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून देताना सांगितलं, की भीती हा शब्दच मला माहीत नाही. तुम्ही टाळ्या वाजवल्यात, आभारी आहे. पण ते वाक्य खोटं आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडल्यावर खोट्यावर टाळ्या घेणं बरं नव्हे. मला पॅराशूटच्या आठवणी सांगायला उभं केलंय. त्या सांगतोच, पण सुरुवात आपल्या विहिरीपासून करावी लागेल.

शाळेमागच्या मळ्यातली विहीर आठवते ना? शनिवारची सकाळची शाळा सुटली की आपण तिथं. थारोळ्यावरून कुणी मुटका मारायचं, कुणी सूर. आपल्यातला एक जण मात्र कधीच उडी मारायचा नाही. सगळ्यांचे कपडे सांभाळत काठावर बसायचा. त्याला आपण काय म्हणायचो ते इथं सांगत नाही. सगळ्यात मोठ्यानं मीच म्हणायचो. आठवीत असताना एकदा मी त्याला मागून ढकललं. त्याला पोहता येत नव्हतं. मळ्यातल्या गड्यानं उडी टाकून त्याला बाहेर काढलं म्हणून निभावलं. सोमवारी गुरुजींनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "पाय घसरला." गुरुजी, आज इतक्या वर्षांनी सांगतो, त्याचा पाय घसरला नव्हता.

मॅट्रिकनंतर मी सैन्यात गेलो आणि पुढं छत्रीधारी सैनिक व्हायला नाव दिलं. १९६९ साली आग्र्याला गेलो. तिथली पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूल ही वायुदलाची. उडी मारणारे आम्ही सैन्याचे, शिकवणारे उस्ताद वायुदलाचे. सुरुवातीचे दिवस विमान लांबूनच बघायचं. जमिनीवर पडायला शिकायचं. पाय जुळवलेले, गुडघे जुळवलेले, हनुवटी छातीला, आणि पाय टेकले की अंग एका कुशीवर लोळवायचं. दिवसभर तेच. रात्री कूस बदलताना अंग बोंबलायचं. मग विमानाच्या दाराची लाकडी प्रतिकृती, मग उंच मनोरा.

पाच उड्या पुऱ्या झाल्या, की छातीवर पंख मिळणार. त्यातली एक रात्रीची. उड्या आग्र्याजवळ मालपुऱ्याच्या मैदानावर व्हायच्या. विमान होतं पॅकेट. दोन शेपट्यांचं, आवाजाचं. आत बाकांवर समोरासमोर बसायचं. कुणी बोलत नसे. बोललं तरी ऐकू येत नसे. उभं राहायचा इशारा झाला, की पाठीवरच्या पॅराशूटचा पट्टा डोक्यावरच्या तारेला अडकवायचा. हा पट्टाच पॅराशूट उघडतो. आपल्याला काही ओढावं लागत नाही. पुढच्याचा पट्टा मागच्यानं तपासायचा. मग दाराशी लाल दिवा, आणि हिरवा लागला की एकामागून एक बाहेर.

पहिली उडी कशी झाली ते मला आठवत नाही. खरंच नाही आठवत. पहिल्या उडीला काय होतं आहे ते कळायच्या आत होऊन जातं. दुसऱ्या वेळी माणसाला सगळं माहीत असतं, आणि खरी भीती तेव्हा वाटते. दारातून वारा अंगावर आपटतो. खाली शेतं दिसतात. "एक हजार, दो हजार" असं मोजायचं असतं. चौथ्या हजाराला खांद्यांना हिसका बसला, की वर बघायचं. गोल छत्री पुरी फुललेली दिसली की जीव भांड्यात पडतो. मग एकदम शांत. इतकं शांत, की खाली कुत्रं भुंकलं तरी ऐकू यावं. ती गोल छत्री आजच्या चौकोनी पॅराशूटसारखी हवी तिकडं वळत नसे. वारा नेईल तिकडं जायचं, आणि आठ-दहा फुटांच्या भिंतीवरून उडी मारल्यासारखं जमिनीवर आदळायचं.

तिसऱ्या उडीला माझ्यापुढं एक पोरगा होता. कवायतीत माझ्याहून सरस. हिरवा दिवा लागला, तो दाराशी गेला आणि दोन्ही हातांनी चौकट धरून उभा राहिला. उस्तादानं त्याला बाजूला घेतलं आणि मी बाहेर पडलो. मी का गेलो माहीत आहे? मागून रांग पुढं सरकत होती म्हणून. माझे पाय त्याच्याइतकेच जड झाले होते. मधे अर्ध्या क्षणाचा फरक होता, दुसरा काही नाही.

दारात नकार दिला, की त्याला परत पाठवत. दुसऱ्या दिवशी पहाटे तो बराकीत वळकटी बांधत होता. आम्ही सगळे जागे होतो आणि झोपेचं सोंग घेऊन पडलो होतो. आदल्या रात्री त्याच्यावर हसणाऱ्यांत मी होतो. त्याला साधं "येतो का रे" म्हणून निरोपही मी दिला नाही. त्या पहाटे मला ही विहीर आठवली.

पुढं मी दोन पॅरा, म्हणजे मराठा पलटणीत आलो. ११ डिसेंबर १९७१ ला आम्ही पूर्व पाकिस्तानात टांगाईलला उतरलो. सुमारे सातशे जण होतो. उत्तरेकडून ढाक्याकडं मागं सरकणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट अडवायला पुंगलीचा पूल घ्यायचा होता. दिवस कलताना उडी झाली. कुणी भातखाचरात पडला, कुणी तळ्यात. गावची माणसं धावत आली आणि आमचं सामान डोक्यावर घेऊन पोचवू लागली. रात्री पुलावर लढाई झाली. पूल हातचा गेला नाही. १६ डिसेंबरला ढाक्यात सर्वांआधी शिरलेली भारतीय पलटण आमची होती. हे सगळं पुस्तकांत आहे.

पुस्तकांत नाही ते सांगतो. त्या दिवसांत माझ्या आईला माझा काही पत्ता नव्हता. तिला लिहिता-वाचता येत नसे. छत्रीधारी सैनिक उतरल्याची बातमी आकाशवाणीवर आली आणि गावात चर्चा सुरू झाली. तेव्हापासून आपला तोच मित्र, विहिरीच्या काठावर कपडे सांभाळणारा, रोज संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या रेडिओवर बातम्या ऐकून सायकलनं आमच्या वस्तीवर जायचा. बातमीतलं तिला झेपेल तेवढं सांगायचा आणि तिचं जेवण होईपर्यंत बसायचा. माझं चार ओळींचं पत्र पोचेपर्यंत तीन आठवडे गेले. तेही त्यानंच वाचून दाखवलं. हे मला आईनं सांगितलं, त्यानं कधीच नाही.

मी पुढं कितीतरी उड्या मारल्या. प्रत्येक वेळी दारात पोटात गोळा यायचा. उडी मारताना मागं रांग असते, कानावर हुकूम असतो, पॅराशूटची घडी दुसऱ्या कुणीतरी नीट घातलेली असते. इतकं सगळं पाठीशी असताना माणूस बाहेर पडतो. अंधारात एकटं सायकल मारत एका म्हातारीकडं रोज जायचं, उद्या काय बातमी सांगावी लागेल ते माहीत नसताना, त्याला मागून कोण ढकलतं?

त्याचं नाव मी घेतलं नाही. तो तिसऱ्या रांगेत बसलाय आणि माझ्याकडं बघत नाहीये, म्हणजे त्याला कळलंय. लेका, ज्या शब्दानं तुला हाक मारायचो तो मी आज सगळ्यांसमोर परत घेतो. ढकलल्याबद्दल माफी मागतो. साठ वर्षं उशीर झाला, तेवढं समजून घे.

आग्र्याच्या त्या पोराला माझं हे सांगणं आता पोचणार नाही. तू पुढ्यात आहेस. पंगतीत माझ्या शेजारी जागा धरून ठेव.

जय हिंद.