मोबाईलवरचे कॉलेज आणि आपली मुले



आज वर्धापनदिनी आम्हाला शिक्षणावर बोलायला सांगितले आहे. विषय मोठा आहे, म्हणून आम्ही त्यातली एकच गोष्ट घेतो. कॉलेजात जाणारी आपली मुले-मुली हल्ली मोबाईलवर व्हिडिओ बघून अभ्यास करतात. घरचे म्हणतात, पोरगं दिवसभर मोबाईल घेऊन बसतं. पोरगं म्हणतं, अभ्यास चाललाय. दोघांचंही खरं असतं, म्हणून तर भांडण मिटत नाही.

पडद्यावरचे शिक्षण नवे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचा कार्यक्रम १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर लागत असे, वडीलधाऱ्यांना आठवत असेल. पण तो बहुतेक इंग्रजीत, ठरल्या वेळी, आणि टीव्ही गल्लीत एखाद्याकडेच. पुढे २००३ साली आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून एनपीटेल सुरू केले. २०१६ मध्ये इंटरनेट स्वस्त झाले आणि यूट्यूब पत्र्याच्या खोलीत येऊन पोचले. २०१७ मध्ये केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ आले. पाथर्डी-शेवगावकडचा मुलगा आईबापांबरोबर ऊसतोडीला गेला तरी रेंज असेल तर कोपीत बसून अकाउंटन्सीचा धडा बघू शकतो. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले होते. आता नागापूर एमआयडीसीतून सेकंड शिफ्ट करून आलेल्या मुलासाठी वर्ग रात्री बारालाही भरतो. ही सोय लहान नाही.

मग अडते कुठे? अमेरिकेत सलमान खान नावाचे एक गृहस्थ आहेत, सिनेमातले नव्हेत. ते २००४ साली नादिया या आपल्या नात्यातल्या मुलीला लांबून, फोनवर गणित शिकवू लागले. आणखी भावंडे शिकायला आली, तेव्हा २००६ पासून त्यांनी धडे यूट्यूबवर टाकले. मुलांना ते अधिक आवडले. व्हिडिओ थांबवता येतो, मागे नेता येतो, तीनदा विचारले म्हणून कोणी हसत नाही. वर्गात हात वर करायला लाजणाऱ्या आपल्या मुलांना याची किंमत चांगली कळते. पण एक बघा, नादियाला विचारायला घरचा माणूस होता. आपल्या मुलांना व्हिडिओ मिळाला, तो माणूस मिळाला नाही.

म्हणून काय होते? परीक्षेच्या आदल्या रात्री दुप्पट वेगाने पूर्ण युनिट बघायचे. बघताना सगळे समजल्यासारखे वाटते. वही उघडून तेच गणित सोडवायला घेतले की दुसऱ्या पायरीला पेन थांबते. आमचे मुलांना सांगणे आहे, अर्धा व्हिडिओ बघा, मोबाईल पालथा ठेवा आणि वहीत लिहून काढा. जे अडेल ते कोणाला तरी विचारा.

मुलींचे वेगळेच असते. घरात चांगला मोबाईल एकच, आणि तो भावाकडे. बहिणीला मिळतो भांडी झाल्यावर, चार्जिंग संपत आलेले असताना. सावित्रीबाईंनी ज्या नगरात शिक्षिका होण्याचे धडे घेतले, त्या आपल्या अहिल्यानगरात हे चालते. घरोघरच्या बापांनी मनावर घेतले तर आज रात्रीच बदलेल.

पैशाचेही बोलू. हप्त्याने कोर्स विकणारे घरी फोन करतात, आई दागिना मोडते. पैसे भरण्याआधी फुकटचे बघून घ्या. एनपीटेलचे शिकणे मोफत आहे. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेची फी लागते, आणि त्यात अनुसूचित जाती-जमातींना सवलत आहे. दर आठवड्याच्या स्वाध्यायांना २५ गुण, केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५. म्हणजे नुसते बघून तिथे भागत नाही, हे आम्हाला आवडते. क्रेडिट धरले जाते का, ते मात्र आधी कॉलेजात विचारावे.

आणि बघणारेच का राहायचे? सारोळा कासारच्या सुमनताई धामणे यांनी शाळा पाहिलेली नाही. २०२० मध्ये अकरावीतल्या नातवाने त्यांचा स्वयंपाक मोबाईलवर टिपून ‘आपली आजी’ नावाने यूट्यूबवर टाकला आणि लाखो लोक बघू लागले. गावाकडच्या बोलीत नीट सांगितले की लोक ऐकतात. मग आपल्या बीएस्सीच्या मुलीने बारावीच्या पोरांना रसायनशास्त्र आपल्या बोलीत का सांगू नये? दुसऱ्याला समजावताना आपले कच्चे कुठे आहे ते आपोआप कळते.

कार्यकारिणीपुढे आम्ही एवढेच ठेवतो. रविवारच्या वंदनेनंतर हा हॉल दोन तास मुलांना द्यावा. टीव्हीवर धडा लावायचा, मध्येच थांबवायचा, मोठ्यांनी धाकट्यांना समजवायचे. वस्तीतले जे इंजिनिअर, नर्स, बँकेतले, शिक्षक आहेत त्यांनी महिन्यातून एक रविवार येऊन बसावे. मुलींच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. सतरंज्या आहेत, पंखे आहेत. एक फळा आणि खडूची पेटी तेवढी आणावी लागेल, ती आमच्याकडून.