सोलर घ्यायचं? आधी वीजबिल वाचा!

(महासंघाच्या वार्षिक सभेत केलेलं भाषण)



सध्या गटागटांतून एकच प्रश्न येतोय. घरावर सोलर बसवावं का, आणि त्यासाठी कर्ज काढलं तर परवडेल का? शेजारणीला परवडलं म्हणून आपल्यालाही परवडेलच, असं नाही. उत्तर आपल्या वीजबिलातच असतं. म्हणून आज बिल कसं वाचायचं ते बघू.

बिल हातात घेतलं की रुपये नंतर बघा, आधी युनिट बघा. रुपयांत मागची थकबाकीही मिसळलेली असते आणि सोलर बसवून थकबाकी फिटत नाही. दुसरी गोष्ट दराची. पहिल्या १०० युनिटांना दर कमी असतो, त्याच्या पुढं तो जवळपास दुप्पट होतो. हिशेबासाठी आपण पहिल्या १०० युनिटांना ६ रुपये आणि पुढं १२ रुपये धरू. नेमका दर बिलावर छापलेला असतो.

आता खर्च. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. योजनेच्या नावात ‘मुफ्त बिजली’ असलं तरी पॅनेल फुकट नाही. समजा १ किलोवॅटचा खर्च ६५,००० आला, तर अनुदान वजा जाता ३५,००० आपल्या अंगावर राहतात. त्यातून महिन्याला साधारण १०० युनिट वीज मिळते. पावसाळ्यात कमी मिळते.

आता दोन घरं बघू.

पहिल्या घराचा वापर महिन्याला ६० युनिट. दोन-चार दिवे, पंखा, टीव्ही. या घराची बचत ६० गुणिले ६, म्हणजे ३६० रुपये. स्थिर आकार भरावाच लागतो. उरलेली वीज पुढच्या महिन्यांत वळती होते, पण वर्षाअखेरीला शिल्लक राहिलेल्या विजेला दर कमी मिळतो. म्हणजे ३५,००० वसूल व्हायला आठ वर्षं.

दुसऱ्या घराचा वापर १८० युनिट. फ्रीज आहे, पाण्याची मोटर आहे, शिलाई मशीन आहे. या घराची महागातली ८० युनिटं वाचतात, त्याचे ९६० रुपये. स्वस्तातली २० वाचतात, त्याचे १२०. महिन्याला १,०८० रुपये वाचले. पावणेतीन वर्षांत पैसे वसूल! पॅनेल पंचवीसेक वर्षं चालतं. इन्व्हर्टर मात्र मध्ये बदलावा लागतो, तो खर्च धरून ठेवा.

आता कर्जाचं बघा. गटातून शेकडा २ रुपये महिन्यानं ३५,००० उचलले, तर पहिल्या महिन्याचं व्याजच ७०० रुपये होतं. पहिल्या घराची बचत ३६०. व्याजसुद्धा निघत नाही, मुद्दल कधी फिटणार? बँकेचं वर्षाला शेकडा ७ च्या आसपासचं कर्ज मिळालं, तर हेच व्याज साधारण २०४ रुपये होतं. म्हणून सोलरसाठी गटाच्या अंतर्गत कर्जाला हात लावू नका. ते पैसे शेळीला, बी-बियाणाला, दवाखान्याला राहू द्यात.

आणि आता जे बोलायला आपण कचरतो, ते. कर्ज बाईच्या नावावर, हप्ता बाईच्या कमाईतून, आणि वीजमीटर कुणाच्या नावावर? सासऱ्यांच्या, नाहीतर नवऱ्याच्या. अनुदान मीटर ज्याच्या नावावर त्याच्या खात्यात जमा होतं, तेही सोलर बसल्यानंतर. तोवर पूर्ण रकमेची सोय आपल्यालाच करावी लागते. अनुदान आलं आणि दुसरीकडंच खर्च झालं, तर हप्ते ६५,००० चे फेडायचे. म्हणून अर्ज करण्याआधी घरात सगळ्यांसमोर ठरवा, की अनुदान आलं की आधी कर्जात भरायचं. कागदावर लिहा, सह्या घ्या. जमत असेल तर मीटर आणि नमुना आठवर आपलंही नाव लावून घ्या. यात भांडण नाही, हिशेब आहे.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, बॅटरी नसलेलं सोलर लाईट गेली की बंद पडतं. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तशी सोय असते. भारनियमनावर उपाय म्हणून घेणार असाल, तर बॅटरीचा खर्च वेगळा. दोन, १ किलोवॅटला शंभरेक चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. छप्पर भार सोसेल का, तेही बघा. तीन, हे अनुदान घरगुती मीटरला आहे. गटाच्या गिरणीचं मीटर व्यावसायिक असेल, तर तिचा हिशेब वेगळा मांडा.

ज्यांचं बिल कमी पण गोठ्यात चार-पाच जनावरं आहेत, त्यांनी आधी गोबरगॅसचा विचार करा. २ घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलोच्या आसपास शेण लागतं. त्यावर घरचा स्वयंपाक होतो, सिलिंडर वाचतो, आणि स्लरी शेताला खत म्हणून जाते.

पुढच्या गटसभेला प्रत्येकीनं वीजबिल घेऊन यायचं. मागच्या महिन्यांचा वापर त्यावर छापलेला असतो. सचिवताईंनी फळ्यावर प्रत्येकीची युनिटं लिहायची. १०० च्या आत कोण, पुढं कोण, ते सगळ्यांना दिसेल. मग एजंट दारात आला, तर प्रश्न तो विचारणार नाही, आपण विचारू.