हिरवळीचा बेणेमळा



मैदाने राखणारे, रोपवाटिका चालवणारे, हिरवळीचे कार्पेट पिकवून विकणारे असे आपण सगळे आज शिरूरला जमलो आहोत.  आता थेट विषयाला हात घालतो.

गोल्फच्या मैदानावरील ग्रीन नव्या वाणाने पुन्हा लावायचे काम निघाले, की आपल्यात पहिली चर्चा होते ती वाण कोणते याची. पाने किती बारीक, कापणी किती खाली नेता येते, रंग कसा. हे प्रश्न रास्तच आहेत. पण माझ्या मते पहिला प्रश्न असा हवा: बेणे कुठून आणले, आणि ते शुद्ध असल्याची जबाबदारी कोणी घेतली? आजचे माझे सगळे बोलणे या एका प्रश्नाभोवती आहे.

शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याला हरळीची ओळख करून द्यायला नको. उन्हाळी नांगरट झाली की काश्या वेचायच्या, बांधावर वाळत टाकायच्या, आणि एखादे कांडे जमिनीत राहिलेच तर पावसाळ्यात पुन्हा सारे शेत भरलेले बघायचे. हीच हरळी इथून जवळ रांजणगावच्या महागणपतीला दूर्वा म्हणून वाहिली जाते. आणि जगातल्या उष्ण प्रदेशांत गोल्फच्या ग्रीनवर जे बर्म्युडा गवत लावतात, त्याच्या आईबापांपैकी एक हीच हरळी आहे. दुसरी बाजू आफ्रिकेतल्या एका नाजूक, बारीक पानाच्या भावंडाची. बहुतेक हरळीत ३६ गुणसूत्रे असतात, त्या आफ्रिकी जातीत १८. दोघांच्या संकरात येतात २७. त्यामुळे हा संकर वांझ असतो, त्याला पेरण्याजोगे बी धरत नाही. तो वाढवायचा तर धावत्या काड्या लावूनच. म्हणजे आपण विकतो ते प्रत्येक कार्पेट आणि काड्यांचे प्रत्येक पोते एकाच मूळ झाडाचा तुकडा असते, किंवा असायला हवे.

हा संकर घडवणारा माणूस आपल्या ओळखीचा असायला हवा. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावच्या संशोधन केंद्रात ग्लेन बर्टन काम करत होते. नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट कंट्री क्लबच्या चौथ्या ग्रीनवर वाढलेली एक बारीक हरळी त्यांनी घेतली, तिचा आफ्रिकी जातीशी संकर केला आणि १९५६ मध्ये ‘टिफग्रीन’ प्रसारित केले. पुढे टिफग्रीन लावलेल्या काही ग्रीनांवर आपोआप उपजलेले एक ठेंगणे रूप सापडले. तेच १९६५ मध्ये ‘टिफड्वार्फ’ म्हणून बाहेर आले.

पण बर्टन यांचे आपल्यावरचे ऋण गोल्फपेक्षा मोठे आहे. शिरूर हा बाजरीचा मुलूख. बर्टन यांनीच बाजरीचे ‘टिफ्ट २३ए’ हे नर-वंध्य वाण तयार केले. त्याचा मादी म्हणून वापर करून लुधियानात डॉ. अथवाल यांनी ‘एचबी-१’ हा देशातला बाजरीचा पहिला संकर उभा केला. तोही १९६५ मध्येच प्रसारित झाला. उत्पादन झपाट्याने वाढले. मात्र त्यानंतर आलेल्या संकरांचीही मादी तीच राहिली. देशभर लाखो एकरांवर एकाच आईची लेकरे उभी होती. मग गोसावी रोग आला. कणसाच्या जागी पानांचा झुपका, दाण्याचा पत्ता नाही. १९७०-७१ मध्ये सुमारे ८० लाख टनांवर गेलेले देशाचे उत्पादन पुढच्याच वर्षी ५३ लाखांच्या आसपास उतरले, आणि त्यात या रोगाचा वाटा मोठा होता. पुढे नव्या माद्या शोधाव्या लागल्या. आपल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठाने ‘श्रद्धा’, ‘सबुरी’ असे संकर दिले, तेव्हा इथल्या शेतकऱ्याला पुन्हा भरवसा वाटू लागला.

ग्रीनवरचे गवत कोणाचे पोट भरत नाही, हे मला मान्य आहे. पण धोक्याची जात तीच आहे. अठराच्या अठरा ग्रीन एका झपाट्यात एकाच नव्या वाणाने लावू नयेत, असे मी आग्रहाने सांगतो. आधी सरावाच्या ग्रीनवर लावा, एक पावसाळा आणि एक हिवाळा जाऊ द्या. आपल्या हवेत सप्टेंबरचा दमट उकाडा आणि डिसेंबरची थंडी या दोन्ही परीक्षा गवताने दिल्याशिवाय त्याच्याविषयी बोलू नये.

भेसळ दिसते कशी? सकाळी दव असताना ग्रीनच्या कडेला बसून नजर तिरकी टाका. एकसारख्या गडद हिरव्या पृष्ठभागावर थाळीएवढे फिकट ठिगळ दिसेल. तिथली काडी आणि शेजारची काडी उपटून तळहातावर ठेवा. शुद्ध काडीची पेरी आखूड, गाठी एकमेकींना जवळजवळ टेकलेल्या. ठिगळातल्या काडीची पेरी लांब, पान रुंद, आणि तीन-चार मिलिमीटरवर कापले की तिथे हिरवे काही उरतच नाही, नुसते तपकिरी खोड दिसते. चेंडू त्या ठिगळावर वळतो. असे ठिगळ कधी आपोआप उपजलेल्या बदलातून येते. पण पुष्कळदा ते जुन्या ग्रीनमध्ये राहिलेल्या काशीतून, नाहीतर आपण पुरवलेल्या बेण्यातूनच आलेले असते.

जुने गवत मारल्याशिवाय नवे लावू नका, हे म्हणूनच. एकदा तणनाशक मारून हरळी मरत नाही. पुन्हा फुटू द्यायची, पुन्हा मारायची, आणि तिसऱ्यांदाही शंका घेऊन पाहायचे. क्लबच्या समितीला घाई असते. त्या घाईला नाही म्हणायची हिंमत आपल्यात हवी.

दुसरी गोष्ट मातीची. आपले कार्पेट लाल मातीवर वाढते. बंगल्याच्या अंगणात ते चालते. चांगल्या ग्रीनखाली मात्र सुमारे ३० सेंटिमीटर वाळूचा थर असतो आणि त्याखाली खडी. त्या वाळूवर लाल मातीचा थर अंथरला की पाणी वरच तुंबते, मुळे वाळूत उतरत नाहीत, आणि मातीबरोबर लव्हाळ्याच्या गाठी फुकट येतात. ग्रीनसाठी बेणे द्यायचे तर ते वाळूच्या वाफ्यात वाढवलेले, धुतलेले, गाठ न् गाठ तपासलेले असले पाहिजे. खुरपे घेऊन वाफ्यात बसणाऱ्या आपल्या बायांची नजर यात सगळ्यात तयार असते. परकी काडी त्यांनी ओळखली तर त्या दिवसाची मजुरी वाढवून द्या.

पाण्याबद्दल थोडेसे. दौंडकडे मुंढव्याच्या जॅकवेलमधून बेबी कालव्यात सोडलेले पुण्याचे पाणी येते, आणि कालव्याकाठच्या चोपण जमिनी आपण जाणतोच. खारे पाणी सोसणारे सीशोर पास्पालम हे गवत अशा ठिकाणी तपासून पाहण्यासारखे आहे. पण कुणी परदेशातून सामानात काड्या दडवून आणत असेल, तर कृपा करून तिथेच थांबवा. २००३ च्या प्लँट क्वारंटाइन आदेशात आयातीसाठी परवाना आणि तपासणीची वाट दिलेली आहे. एका पिशवीतून आलेली कीड ऊस-बाजरीच्या शिवारात उतरली, तर ते नुकसान कोणी भरून द्यायचे?

शुद्ध बेण्याची पद्धत आपल्याला नव्याने शोधायची नाही. ऊसही कांडीनेच लागतो. पाडेगावचे संशोधन केंद्र, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि कारखाने मिळून मूलभूत, पायाभूत, प्रमाणित असा त्रिस्तरीय बेणेमळा चालवतात. को-८६०३२ हे उसाचे वाण शेतात टिकले ते नुसत्या गुणांवर नाही, बेणे बदलण्याच्या या शिस्तीवरही. भीमा आणि घोडच्या काठचा ऊसवाला जे करतो, ते हिरवळवाल्याने का करू नये?

म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आहेत. प्रत्येक वाणाचा एक मातृवाफा असावा आणि त्यातून विक्री कधीही होऊ नये. प्रत्येक पुरवठ्याबरोबर वाणाचे नाव, मूळ स्रोत आणि काढणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी जावी. आणि तिसरी मागणी माझ्या जिव्हाळ्याची: आपल्या माळांवरची, बांधांवरची, मेंढ्यांनी वर्षानुवर्षे खुडलेली बुटकी हरळी गोळा करून वाफ्यांत लावावी. शार्लटच्या एका जुन्या ग्रीनवर कामाची काडी सापडली. मग शेकडो वर्षे चराई सोसलेल्या या मुलखात ती सापडणार नाही, असे मी मानत नाही. कृषी विद्यापीठातल्या तरुण संशोधकांनी या कामाला हात लावावा, अशी माझी जाहीर विनंती आहे.

चिठ्ठीचा कच्चा नमुना दुपारच्या सत्रात तुमच्या हाती येईल. त्यात खाडाखोड करा, नको ते काढा. सामाईक मातृवाफ्यासाठी दहा गुंठे कोण देणार, आणि पाणी विहिरीचे की कालव्याचे, हे आज संध्याकाळी उठण्याआधी ठरवू या.